बातमीवर ज्यांचे नाव कधीच छापले गेले नाही, त्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपण यंदा निवृत्त झालात. आपल्या हाताखालून गेलेल्या असंख्य बातम्यांपैकी एकीवरही आपले नाव छापून आले नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. बातमीवर वार्ताहराचे नाव येते. मजकूर वाचून, शंका काढून, मथळा देऊन तो पानात लावणारा उपसंपादक मात्र वाचकांना ठाऊकही नसतो. आज मी पूर्णवेळ पत्रकार आहे, त्यात आपला वाटा किती मोठा आहे हे चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडहून बातम्या पाठवू लागले तेव्हा माझ्याकडे पत्रकारितेची पदवी नव्हती, घरात कोणी या व्यवसायात नव्हते आणि मानधन इतके तुटपुंजे होते की सकाळच्या शिकवण्यांवरच घर चालत असे. त्या दिवसांतील एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. गोदाकाठच्या गावांत सोयाबीन पाण्याखाली गेले होते आणि बातमी पाठवत असल्याचे सांगण्यासाठी मी फोन केला होता. आपण एवढेच विचारलेत, "कोणत्या मंडळात? किती मिलिमीटर?" मग बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची वेळ जवळ आलेली असतानाही आपण मला समजावून सांगितलेत की, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर महसूल विभाग त्या मंडळात, म्हणजे काही गावांच्या महसुली गटात, अतिवृष्टी झाली असे मानतो, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आहे की नाही यावर शेतकऱ्याची मदत ठरते. दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयातून मंडळनिहाय नोंदी मिळवल्या, तेव्हा खरी बातमी दिसली. शेजारच्या मंडळातील शिवारांत तितकेच पाणी साचले होते. परंतु तिथला पर्जन्यमापक गावांपासून दूर असल्याने नोंद ६५ च्या खाली राहिली होती आणि त्या गावांचे पंचनामेच सुरू झाले नव्हते. 'मुसळधार' या शब्दावर मी थांबले असते, तर ती गावे बातमीत आलीच नसती.

माहितीचा अधिकार वापरायलाही आपणच शिकवलेत. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, हे पुस्तकात वाचता येते. पण "असे का झाले, हे विचारू नकोस, कोणता कागद हवा ते लिही," हे कोणत्या पुस्तकात सापडणार? टँकरच्या पाण्याबद्दल गावकऱ्यांची तक्रार होती, तेव्हा आपण खेपांच्या नोंदवहीच्या आणि देयकांच्या प्रती मागायला सांगितलेत. त्या वहीतील तारखा घेऊन मी गावातील बायकांसमोर बसले आणि त्यांनी एकेका तारखेवर बोट ठेवून पाणी आले की नाही ते सांगितले. ती बातमी पहिल्या पानावर लागली. माझ्या नावाची दखल घेतली जाऊ लागली ती तिथूनच.

एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या बातमीच्या वेळी मात्र आपण मला काय लिहू नये ते शिकवलेत, आणि मी त्यालाच सर्वांत जास्त मानते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलीचे नावच नव्हे, तर तिचा पत्ता, शाळा, कुटुंबाची माहिती, ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही. आपण मजकूर ओळीओळीने वाचून घेतलात आणि प्रत्येक ओळीनंतर विचारलेत, "हे वाचून गावातला माणूस ते घर ओळखेल का?" वाडीचा उल्लेख गेला, वडिलांचा व्यवसाय गेला, शेवटी सहा ओळींची बातमी उरली. इतर ठिकाणी त्याच घटनेचे रकानेच्या रकाने भरून आले होते. तरीही आपण वरिष्ठांपुढे त्या सहा ओळींच्या बाजूने ठाम उभे राहिलात, हे मला फार उशिरा दुसऱ्याकडून समजले.

जाहिराती आणण्याचा आग्रह तालुक्याच्या वार्ताहराला नवा नाही. ज्यांच्याकडून जाहिरात घ्यायची त्यांच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडला, तेव्हा आपण उपदेश केला नाहीत. मला विभागीय कार्यालयातील जागेसाठी अर्ज करायला लावलेत आणि माझ्या निवडक बातम्यांची कात्रणे स्वतः संपादकांसमोर ठेवलीत. माझी पहिली पूर्णवेळ नोकरी ती.

आता पालम आणि सोनपेठहून नव्या मुली मला फोन करतात. त्यांना घटना दिसते, लिहिण्याची उमेदही आहे, पण मजकूर परत करून "हे कोणी सांगितले?" असे विचारणारे माणूस त्यांना मिळत नाही, कारण अनेक ठिकाणी मोबाइलवरून आलेला मजकूर जवळपास जसाच्या तसा पानात जातो. याची मला खरोखर काळजी वाटते.

म्हणून आभारांसोबत एक विनंती करते. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, त्याची आठवण म्हणून आपण पत्रकार दिन पाळतो. येत्या ६ जानेवारीला शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाऐवजी आपण दिवसभर गंगाखेडला यावे आणि या मुलींनी लिहिलेल्या बातम्या त्यांच्यासमोर बसून तपासाव्यात, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. परभणीहून आपल्याला घेऊन येण्याची व्यवस्था आम्ही करू. आपला होकार कळवावा.

आपली नम्र,
गंगाखेडची आपली जुनी वार्ताहर