नवतपात हीटर नीट करून देणाऱ्या मिस्त्रीभाऊंस

आदरणीय मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू असताना आणि नागपूरच्या वाडी भागातल्या निम्म्या दुकानांपुढे कूलरच्या मोटारी, पंप नि वाळ्याच्या ताट्या उघड्या पडलेल्या असताना, मी माझा ट्रक घेऊन आपल्याकडे हीटर दुरुस्तीला आलो होतो. शेजारच्या टायरवाल्याने त्यावर जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आपण मात्र हसला नाहीत. काम संपल्यावर मी मजुरीपेक्षा जास्त पैसे देऊ केले, तेव्हा ते परत करून आपण म्हणालात, "पैसे राहू द्या भाऊ, काय झालं होतं ते लिहून ठेवा, म्हणजे दुसरा कोणी चांगला पंप भंगारात टाकणार नाही." हे पत्र त्या सांगण्याप्रमाणे लिहीत आहे, आणि म्हणूनच त्यात आभारांबरोबर व्होल्ट आणि मिलिलिटरही आले आहेत.

माझा ट्रक बोअर मारण्याची यंत्रे घेऊन राष्ट्रीय महामार्ग ४४ ने श्रीनगरला आणि तिथून झोजिला खिंड ओलांडून द्रास, कारगिल, लेहकडे जातो आणि कधीकधी हिवाळ्यातही काही आठवडे तिकडेच अडकून राहतो. त्यासाठी चेसिसला हा डिझेलवर चालणारा हीटर बसवून घेतला होता. ट्रकच्याच टाकीतले डिझेल थोडेथोडे घेऊन तो आपल्या पोटात जाळतो, त्या आचेवर कूलंट, म्हणजे इंजिनाला थंड ठेवणारे द्रव, तापवतो आणि छोट्या पंपाने ते इंजिनात व केबिनच्या रेडिएटरमध्ये फिरवतो, त्यामुळे इंजिन बंद ठेवूनही रात्र काढता येते आणि पहाटे स्टार्टरला गोठलेल्या इंजिनाशी झुंजावे लागत नाही. पाच किलोवॅटचा हा हीटर पूर्ण जोरात चालला तरी तासाला सुमारे ०.६ लिटर डिझेल पितो. इंजिन रात्रभर नुसते चालू ठेवले तर त्याच्या कित्येक पट जाते.

फेब्रुवारीत द्रासला तो पेटेनासा झाला. पंखा फिरे, डिझेलचा पंप टिकटिक करी, हीटरच्या सायलेन्सरच्या नळीतून पांढरा धूर येई आणि मग सगळे शांत होऊन बिघाड सांगणारा दिवा लुकलुकत राही. परतल्यावर पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की डिझेल गोठले असणार. हे वरकरणी पटण्यासारखे होते, कारण साध्या डिझेलातले मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते आणि त्यासाठीच २०१९ पासून लडाखमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल मिळू लागले आहे. दुसऱ्या ठिकाणी दिव्याचे लुकलुकणे मोजून व्होल्टेज कमी असल्याचे निदान झाले आणि दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या गेल्या. मग दिवा वेगळ्या संख्येने लुकलुकू लागला, म्हणजे आता ज्योत लागत नाही अशी तक्रार करू लागला, तेव्हा ग्लो पिन, म्हणजे विजेने तापून डिझेल पेटवणारी कांडी, बदलली. तरीही काही झाले नाही. तिसऱ्या ठिकाणी डिझेलचा पंप गेला असे सांगून शेवटी नवा हीटरच घेण्याचा सल्ला मिळाला.

आपला पहिला प्रश्न होता, "हा इथं चालते का?" नाही, इथेही चालत नाही, असे मी सांगितले. नागपूरच्या ४५ अंशांत डिझेलातले मेण घट्ट होणे शक्य नव्हते, म्हणजे डिझेल गोठल्याचा पहिला निष्कर्ष त्या एका प्रश्नातच निकालात निघाला. तीन महिने मी तोच निष्कर्ष घरोघर सांगत फिरत होतो, हे कबूल करायला मला संकोच वाटतो.

त्यानंतर आपण एकही नट न सोडता मल्टीमीटर काढलात. हीटर बंद असताना बॅटरीवर आणि हीटरच्या कनेक्टरवर आकडा जवळपास सारखाच होता आणि आधीच्या तिन्ही ठिकाणी तपासणी इथेच थांबली होती. आपण मला केबिनमध्ये बसवून हीटर चालू करायला सांगितलेत आणि ग्लो पिन तापत असताना, म्हणजे वायरीतून सुमारे दहा अँपिअर वाहत असताना, पुन्हा मोजलेत. बॅटरीवर २५ व्होल्ट होते आणि हीटरपाशी २१.३. वाटेत ३.७ व्होल्ट हरवले होते. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी हीटरच्या निगेटिव्हवर ठेवून आपण दाखवलेत की त्यातले ३.१ एकट्या अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह वायरीच्या, बाजूला जात आहेत, उरलेले ०.६ फ्यूज आणि प्लसच्या वायरीत. हीटर बसवणाऱ्याने अर्थची वायर बॅटरीपर्यंत न नेता चेसिसवर, रंगाच्या थरावरच, बोल्टने आवळली होती आणि दोन हिवाळ्यांच्या चिखलपाण्याने वायरीच्या टोकाच्या त्या धातूच्या लगखाली गंज धरला होता. आपण तिथे बोट लावायला सांगितलेत. जोड चांगलाच गरम होता. दहा अँपिअर आणि ३.१ व्होल्ट म्हणजे ३१ वॅट तिथे फुकट जळत आहेत, हा हिशेब आपण खोक्याच्या झाकणावर मांडून दाखवलात; तो तुकडा मी फाडून घरी आणला आहे.

त्या हिशेबाने मागचे सगळे कोडे सुटले. जुन्या बॅटऱ्यांवर हीटरला २१ पेक्षाही कमी व्होल्ट मिळत होते, म्हणून त्याच्या कंट्रोल युनिटने व्होल्टेज कमी असल्याची तक्रार केली. नव्या बॅटऱ्यांनी आकडा त्या रेषेच्या जरासा वर ढकलला, त्यामुळे ती तक्रार थांबली. पण ग्लो पिन अर्धवटच तापत राहिली, डिझेलची वाफ होई, ज्योत लागत नसे आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडे. म्हणजे दिवा दोन्ही वेळा खरेच सांगत होता. हीटरला काय जाणवते आहे एवढेच तो सांगतो, ते कशामुळे हे आपल्याला शोधावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. आपण अर्थसाठी जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेलीत, लग दाबून वर कथिल दिलेत, आणि पुन्हा मोजल्यावर ग्लो पिन तापत असतानाही हीटरपाशी २४.४ व्होल्ट आले.

हीटर पेटला. मी टाळी वाजवली ती जरा घाईची ठरली, कारण चार मिनिटांत सायलेन्सरच्या नळीतून काळा धूर येऊ लागला, आत घुरघुर सुरू झाली आणि ज्योत विझली. इथे कोणीही पंपाकडे बोट दाखवले असते, आणि तिसऱ्या ठिकाणी दाखवलेच होते. आपण पंपाची पुढची नळी सोडून काचेच्या मोजपात्रात धरलीत, ९० सेकंद पंप चालवलात आणि पात्रात जवळजवळ बरोबर १५ मिलिलिटर डिझेल जमले. मिनिटाला दहा म्हणजे तासाला ६०० मिलिलिटर, हीटरला हवे तेवढेच. नळीत बुडबुडे नव्हते. पंप आडवा न बसवता बाहेरचे तोंड वर राहील असा तिरपा बसवला आहे, तेवढे तरी त्या बसवणाऱ्याने नीट केले आहे, असेही आपण म्हणालात. जो पंप मी भंगारात टाकायला निघालो होतो, तोच आजही माझ्या ट्रकवर आहे.

डिझेल बरोबर आणि धूर काळा, म्हणजे हवा कमी. आपण हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडात तार घातलीत आणि आतून वाळलेल्या मातीचे ढेकूळ बाहेर आले. कुंभारीण माशीने तिथे घर केले होते! ट्रक एप्रिलभर माझ्या कळमन्याच्या वखारीत उभा होता, तेव्हाच हे झाले असणार. लडाखच्या थंडीत सुरू झालेल्या तक्रारीत नागपूरच्या माशीने भर घालावी, याचे हसू मला अजूनही येते. मात्र सगळा दोष तिच्यावर टाकता येणार नाही, हे बर्नर उघडल्यावर दिसले. आत कोळशासारखा टणक थर बसला होता आणि डिझेलची वाफ करणारी तंतूंची जाळी जवळजवळ बुजली होती. हा थर एका महिन्यातला नाही, असे म्हणून आपण कारणे शोधायला बसलात. लेहजवळ, सुमारे ३५०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. तिथे तेवढेच डिझेल जाळायचे तर प्राणवायू अपुरा पडतो आणि काजळी धरते, म्हणून जास्त उंचीवर फार दिवस राहायचे असेल तर डिझेलचे प्रमाण त्या उंचीला जुळवून घ्यावे लागते. शिवाय अर्धवट तापलेल्या ग्लो पिनने कित्येकदा न जळलेले डिझेल आत सोडले होते.

तिसरे कारण आपण माझ्या ड्रायव्हरला एक साधा प्रश्न विचारून काढलेत. हीटर बंद केल्यावर तो लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडायचा, बॅटरी जपण्यासाठीच, चांगल्या हेतूने. पण बटण बंद केल्यावरही पंखा दोनतीन मिनिटे फिरून आतली उरलेली वाफ बाहेर काढतो आणि भट्टी थंड करतो. मध्येच वीज तोडली की ते सगळे आतच भाजून बसते. आपण त्याला रागावला नाहीत, घड्याळ लावून पंखा आपोआप थांबेपर्यंत शेजारी उभे केलेत. आता तो इतरांना हे शिकवतो आणि जणू स्वतःच शोधून काढल्यासारखे सांगतो.

बर्नरचा आतला भाग आणि गॅस्केट आपण नवे घातलेत, कारण जाळी खरवडून साफ होत नाही. ग्लो पिन नुकतीच बदललेली होती, ती चांगली आहे म्हणून तीच ठेवलीत. पुन्हा जोडल्यावर हीटर एकदा जास्त तापून बंद पडला, ती कूलंटमध्ये राहिलेली हवा होती. होज दाबून दाबून आपण ती अर्ध्या तासात काढलीत. एवढे सगळे ट्रक शेडबाहेर, उन्हात उभा करून केलेत. शेडमध्ये सावली होती, पण या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो बंद जागेत चालवायचा नाही, या बाबतीत आपण उन्हाशीही तडजोड केली नाहीत.

आपण सांगितल्याप्रमाणे मी हवेच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी लावली आहे, अर्थात हवा अडणार नाही अशी. महिन्यातून एकदा, भर उन्हाळ्यातही, हीटर दहा मिनिटे चालवतो, आणि पेट्रोल पंपावर शिरण्याआधी तो बंद असल्याची खात्री करतो. टायरवाला हीटरच्या या दहा मिनिटांच्या फेरीला आता रीतसर हजर असतो.

यंदा जानेवारीत ट्रक पुन्हा द्रासला होता. ड्रायव्हरने पहाटे फोन केला आणि काही न बोलता फोन पंपाजवळ धरला. पंपाची टिकटिक ऐकू येत होती. ती ऐकून मी आधी घरात सर्वांना उठवले आणि मग आपल्याला फोन लावला, पण पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि आपण उचलला नाहीत, ते योग्यच होते. जे तेव्हा सांगायचे राहिले, ते या पत्रात सांगतो आहे: मिस्त्रीभाऊ, मी आपला मनापासून आभारी आहे.

काढलेला जुना बर्नर आपल्याला शिकाऊ मुलांना दाखवायला हवा होता. तो मी धुऊन-पुसून ठेवला आहे. ट्रक परतला की स्वतः घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
कळमन्याचा ट्रकमालक, नागपूर