हुसशेजारी मेरी उभी राहिली तर बिघडले काय?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील प्रागवरचा लेख वाचला. ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये २०२० साली येशूची आई मेरी हिचा कॅथलिक स्तंभ पुन्हा उभारला गेला, हा समोरच्या यान हुस स्मारकाचा, म्हणजे कॅथलिक चर्चने पाखंडी ठरवलेल्या चेक धर्मसुधारकाच्या स्मारकाचा, अपमान आहे, असा लेखाचा सूर दिसतो. माझी सगळी नोकरी युरोपचा इतिहास शिकवण्यात गेली आणि तो चौकही मी पाहिला आहे. मला हे पटत नाही.

जर्मनीतल्या कॉन्स्टन्स शहरात हुसला जाळले ते ६ जुलै १४१५ रोजी. राजा सिगिस्मुंडचे अभयपत्र हाती असताना जाळले आणि राख ऱ्हाईनमध्ये टाकली. मेरीचा मूळ स्तंभ १६५० चा, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरचा. स्वीडिश फौजेच्या वेढ्यातून शहर वाचले म्हणून तो उभारला होता. हुसच्या मरणाशी त्याचा संबंध काय? तरी ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, जमावाने तो दोर लावून पाडला. गंमत म्हणजे शिल्पकार शालोउनने घडवलेला हुस तेव्हा तीन वर्षांपासून त्याच चौकात उभा होता आणि त्याच्या चौथऱ्यावर हुसचेच शब्द कोरलेले आहेत: एकमेकांवर प्रेम करा, प्रत्येकाला सत्य लाभो अशी इच्छा धरा. जमावातल्या कुणाला ते शब्द आठवले असतील असे वाटत नाही.

लेखकाची बाजू जिथे खरोखर भक्कम आहे, ते मात्र त्यांनी लिहिलेच नाही. १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत चेक प्रोटेस्टंट ऑस्ट्रियाच्या कॅथलिक हॅब्सबर्ग राजघराण्याकडून हरले. पुढच्या वर्षी त्यांच्या २७ पुढाऱ्यांना याच चौकात मारले. टाउन हॉलपाशी फरसबंदीत त्यांचे २७ पांढरे क्रूस आहेत. मग हजारो कुटुंबांना धर्मासाठी देश सोडावा लागला. ज्यांनी हे केले त्या हॅब्सबर्गांच्याच राजवटीत स्तंभ उभा राहिला, म्हणून तो डोळ्यांत सलत होता. हा सल मी नाकारत नाही. पण दगड पाडून तो कुणाचा गेला?

स्मारकात हुस एकटा नाही. एका अंगाला हुसाइट, म्हणजे हुसचे अनुयायी, योद्धे आहेत, तर दुसऱ्या अंगाला ते देशोधडीला लागलेले लोक, खचलेले, एकमेकांना बिलगून बसलेले. पुरवणीतल्या छायाचित्रात फक्त योद्धे आले आहेत. पुढे कधी या विषयावर छापाल तेव्हा दुसऱ्या अंगाचेही छायाचित्र द्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका