मागच्या खोलीचे छप्पर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या खोलीचे छप्पर उतरवून ते नव्याने बांधायचे असे मी आणि दादाने ठरवले आहे आणि मिस्त्रींना तसा शब्दही दिला आहे. बाबा, तुम्ही फोनवर "एवढ्या पावसापुरते डांबर लावून घेऊ" म्हणालात तेव्हा मी गप्प राहिले, कारण हा विषय दोन वाक्यांत सांगण्यासारखा नव्हता आणि तुम्हांला विरोध करायचा तर सगळी बाजू तुमच्यापुढे मांडूनच करावा असे वाटत होते. शिडीवर तुम्हांला भोवळ आली होती हे आईने इतक्या उशिरा का सांगितले, तो प्रश्न आज बाजूला ठेवते. मात्र ते कळल्यापासून डांबराचा मार्ग माझ्यापुरता संपला.

हा निर्णय घाईचा नाही. मागच्या खोलीत ओल नेमकी का येते हे समजल्याशिवाय एकही कौल हलवायचे नाही असे मी स्वतःला बजावले होते, म्हणून आधी आपले अख्खे घर संगणकावर उभे केले. मापे तुमच्याच निळ्या वहीतली घेतली, आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण तुम्ही लिहून ठेवलेले असल्यामुळे कुठल्या भिंती काटकोनात आहेत आणि कुठली किंचित तिरपी आहे हे मला घरी न येता कळले. भिंती काढून झाल्या की चीफ आर्किटेक्ट हा प्रोग्रॅम छप्पर आपोआप घालून देतो. बाहेरच्या प्रत्येक भिंतीसाठी आपण एवढेच ठरवायचे, की तिच्यावरून पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, वर चढवायचे की ती भिंतच त्रिकोणी करून आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच कण्यापर्यंत, न्यायची. साध्या चौकोनी घराला एवढे पुरते. आपल्या घराची न्हाणीघराकडची भिंत वीतभर पुढे आलेली आहे, आणि तेवढ्या वीतभरासाठी तिथे दोन चिमुकली पाखी आणि ती जिथे खाली मिळतात तिथे एक नको असलेली घळ तयार झाली. शेवटी आपोआप छप्पर घालण्याची सोय मी बंदच केली, कारण ती चालू असताना एखादी भिंत बोटभर सरकवली तरी हाताने काढलेली पाखी पुसून सगळे छप्पर नव्याने घातले जाते. मग भिंतीच्या माथ्यावर पायाची रेघ मारायची, तिथून उतार द्यायचा, आणि एका पाख्याची कड शेजारच्या पाख्याच्या कडेला जोडून घ्यायची, असे करत संपूर्ण छप्पर बांधले. लहानपणी अंगणात ३, ४ आणि ५ च्या मापांची दोरी ताणून तुम्ही मला काटकोन धरायला शिकवले होते आणि दोरी ढिली सोडली की "ताण, ताण" म्हणत होतात, ते या सगळ्या वेळात सारखे कानांत होते.

त्या चित्राचा उभा छेद घेतला आणि ओलीचे कारण समोर आले. मुख्य घर ८ मीटर रुंद आणि उतार ३० अंशांचा, म्हणून आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे २.३ मीटर वर जाते. मागच्या खोलीचे आढे त्याला समांतर आहे. त्यामुळे मुख्य घराच्या मागच्या पाख्यावरचे तिथले सगळे पाणी आणि खोलीच्या आतल्या पाख्याचे पाणी, दोन्ही मधल्या एकाच पन्हळीत उतरते, आणि ती पन्हळ सपाट आहे. पाण्याला पुढे जायला उतारच नाही, पाने अडकली की ते साचते आणि पत्र्याच्या सांध्यातून भिंतीत मुरते. बाबा, यात तुमचे काहीही चुकलेले नाही. आजीला जिना चढवेना म्हणून ती खोली पावसाच्या आत उभी करायची होती, आणि मुख्य छपराला हात न लावता ते करण्याचा तोच एक मार्ग होता. इतकी वर्षे ती पन्हळ टिकली ती तुम्ही दरवर्षी वर जाऊन साफ करत होता म्हणून.

आता खोलीचे आढे काटकोनात वळवायचे आहे. मुख्य घराच्या भिंतीलगत खोलीची लांबी ५ मीटर, म्हणजे नवे आढे माथ्यापासून सुमारे १.४ मीटर उंच होईल आणि थेट मुख्य पाख्यात जाऊन टेकेल. त्या एका सपाट पन्हळीच्या जागी डावी-उजवीकडे दोन उतरत्या घळी येतील आणि पाणी खोलीच्या दोन्ही अंगांना मोकळ्यावर पडेल. दोन्ही छपरांचा उतार सारखाच ठेवला असल्यामुळे वरून पाहताना या घळी बरोबर ४५ अंशांत जातात. त्यांचा स्वतःचा उतार मात्र पाख्यापेक्षा कमी असतो, ३० अंशांच्या पाख्यांमध्ये तो सुमारे २२ अंश भरतो, म्हणून घळीतला पत्रा रुंद आणि अखंड घालायला मी सांगितले आहे. मुख्य पाखेच तसेच खाली ओढून खोलीवर आणावे असे दादाचे म्हणणे होते, आणि ते दिसायला सोपेही होते. पण खोली मुख्य घरापासून ३ मीटर मागे जाते, तेवढ्यात छप्पर सुमारे १.७ मीटर खाली येते आणि बाहेरची भिंत जेमतेम सव्वा मीटरची उरते. मागच्या दारातून तुम्हांला वाकून जावे लागेल असे काहीही मला चालणार नव्हते.

एक गोष्ट सांगायला मन घेत नाही, पण ती तुम्हांला माझ्याकडूनच कळायला हवी. नवे छप्पर जिथे टेकते, तिथेच माळ्यावरची खिडकी आहे. बाबा, ती तुम्ही माझ्या अभ्यासासाठी काढली होती, आणि तिच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या रेघा आहेत. ती वाचवण्यासाठी नव्या छपराचा उतार कमी करून पाहिला, आढे खाली घेऊन पाहिले, पण कमी उतारावर कौलांखाली पाणी शिरते आणि आपण पुन्हा तिथेच येतो. म्हणून खिडकी बंद होईल. तिची चौकट सुताराकडून जपून काढून घेऊन नव्या त्रिकोणी भिंतीत, त्याच दिशेला बसवायची आहे. मापे पुन्हा पुन्हा तपासली आहेत, ती तिथे नीट मावते.

आई, तुझी खोली आहे तशीच राहील. पलंग, पंखा, कपाट यांतले काही हलणार नाही, आणि दुपारचा उजेड तुझ्या शिवणाच्या खुर्चीवर आधीसारखाच येईल. मी चित्रात सूर्य फिरवून तेवढे खास पाहिले. कौलांखाली फळ्या घालणार असल्यामुळे पावसाचा आवाजही कमी होईल आणि तुझी झोप मोडणार नाही. जुन्या तुळया नवे वजन पेलतील का, हे मात्र चित्रावरून ठरत नाही, म्हणून स्थापत्य अभियंते येऊन त्या पाहतील आणि त्यांनी होकार दिल्यावरच कौले उतरतील.

आता मी सांगते तसे वागायचे. बाबा, शिडी शेजारी नेऊन ठेवायची आणि काम संपेपर्यंत परत मागायची नाही. मिस्त्री कितीही आदराने बोलावोत, वर चढून दाखवायचे नाही, जे दाखवायचे ते खालून काठीने दाखवावे. छप्पर उघडे असेल तेवढे दिवस दोघांनी दादाकडे राहायचे आणि "घर कोण बघणार" हा प्रश्न काढायचा नाही, कारण त्या दिवसांत मी स्वतः तिथे असेन. आई, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुझ्या पिशवीत ठेव, त्यांच्या नको.

छपराची चित्रे सोबत पाठवली आहेत. पाठीमागून दिसणाऱ्या चित्रात घळींच्या टोकांना तांबड्या खुणा आहेत, तिथे पाणी खाली पडेल. बाबा, त्या जागी जमिनीला उतार कोणत्या बाजूला आहे हे वहीत मिळाले नाही. आईला टेपचे दुसरे टोक धरायला सांगून, जमिनीवर उभे राहूनच, तेवढे मोजून कळवा.

तुमची,
धाकटी