पानं फिरतात म्हणे!

महोदय,

आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने पत्त्यांत सतत हरणाऱ्यांना सल्ला दिला आहे : चिकाटी ठेवा, पानं फिरतात. मी एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस. याच वाक्याच्या नादाने माझे पंचवीस हजार रुपये गेले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या सावंतवाडीला पत्ते काही नवे नाहीत. इथल्या दशावतारी गंजिफाची 120 पानं हातात लावतानाच पाहुण्यांची तारांबळ उडते. पोकर मात्र मला निवृत्तीनंतर भाच्याने शिकवला : हातात प्रत्येकी दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडतात, आणि त्या सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. डिसेंबर 2019 मध्ये आम्ही दोघे पणजीला, मांडवीतल्या एका तरंगत्या कॅसिनोत गेलो. खिशात पंधरा हजार. तासाभराने माझ्या हातात एक्क्यांची जोडी आली. ही जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. समोरच्या गृहस्थांकडे राजांची जोडी होती. दोघांनीही सगळं लावलं आणि शेवटच्या पानाला तिसरा राजा पडला. यात माझं काही चुकलं नव्हतं. अशी गाठ पाच वेळा पडली तर साधारण चार वेळा एक्के जिंकतात. माझ्या वाट्याला पाचवी वेळ आली, एवढंच.

चुकलं ते पुढे. भाच्याकडून दहा हजार घेतले आणि दोन तास हाती येईल ते पान खेळत सुटलो. इतकं वाईट झाल्यावर आता चांगलंच व्हायला हवं, अशी माझी समजूत. पानं फिरली नाहीत, माझं डोकं मात्र फिरलं होतं. त्यात दर डावातून कॅसिनोवाले नाल, म्हणजे आपला वाटा, कापून घेत होते. अशा ठिकाणी दोन तोडीस तोड खेळाडू रात्रीमागून रात्री बसले तर शेवटी दोघेही थोडे थोडे हरूनच उठतात, हा साधा हिशेब आयुष्यभर हिशेब केलेल्या माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नाही.

पैशाचा खेळ तिथेच सुटला. (ऑगस्ट 2025 च्या कायद्याने मोबाइलवरचा पैशांचा खेळही बंद झाला, कौशल्याचा असो की नशिबाचा. मला बरं वाटलं. भाच्याला नाही.) आता शनिवारी संध्याकाळी आमच्या पडवीत आम्ही पाच जण बसतो. प्रत्येकाला 500 चिंचोके, सौभाग्यवतींच्या बरणीतून मोजून.

तर गेल्या पावसाळ्यात मी सलग नऊ शनिवार हरलो. चिंचोकेच ते, पण झोप लागेना. आमचे काजूवाले शेजारी दर वेळी पाठीवर थाप मारून म्हणायचे, "धीर धर, पाना फिरतली." दहाव्या शनिवारी मी जुनी आखीव वही काढली. शंभरापेक्षा जास्त चिंचोके गेले की तो डाव तिथल्या तिथे लिहायचा : हातात काय होतं, टेबलावर काय होतं, किती भरले आणि किती वाजले होते. दोन महिन्यांत 41 डाव जमले. मी पुढे असताना नशिबाने हरलेले डाव त्यात फक्त 12. उरलेले 29 मी आपण होऊन घालवलेले, आणि त्यातले बरेचसे एखादा मोठा डाव हरल्यावर पुढच्या अर्ध्या तासातले.

एक नमुना देतो. माझ्याकडे बदामाचा राजा आणि नव्वी. टेबलावर चार पानं : बदामाची राणी, बदामाची चौकी, इस्पिकची सत्ती, किलवरची दुर्री. आणखी एक बदाम पडलं की माझे पाच बदाम, म्हणजे बहुधा डाव माझा. मध्ये 120 चिंचोके होते, समोरच्याने 80 लावले. मी भरले. वहीवर मांडल्यावर घाम फुटला. न दिसलेली पानं 46, त्यात बदामं 9. हाच प्रसंग 46 वेळा आला असं धरा. 9 वेळा 200 मिळाले, म्हणजे 1800. 37 वेळा 80 गेले, म्हणजे 2960. दर वेळी सरासरी 25 चिंचोक्यांची खोट. बदाम पडल्यावर समोरचा आणखी काही भरेल हे खरं, पण आमची मंडळी तेवढी खुळी नाहीत. टेबलावर तिसरं बदाम दिसलं की पॅक, म्हणजे पानं टाकून डावाबाहेर. याच पानांवर समोरच्याने 25 लावले असते तर मी डोळे झाकून भरले असते. बदामं तीच असतात, किंमत बदलते.

वही बघून खेळ बदलला. पूर्वी दहातले सहा डाव खेळायचो, आता दोन-तीन. वाटणाऱ्याच्या जागी असलो तर जरा सैल हात, कारण बाकीच्यांनी काय केलं ते बघून मग बोलता येतं. पहिल्यांदा बोलायची पाळी असली की बहुतेक पॅकच. आणि मोठा डाव हरलो की दोन डाव बाहेर, अबोलीला पाणी घालायला. मंडळी थट्टा करतात. अबोली बाकी छान फुलली आहे.

गेल्या शनिवारी मात्र मजा झाली. पुन्हा दोन बदामं हातात, दोन टेबलावर. काजूवाल्यांनी भरमसाट लावले. मी आकडेमोड करून पॅक केलं. शेवटचं पान उलटलं, बदामाची पंजी! सगळे हसून लोळले. काजूवाले म्हणाले, "बघ, फिरली होती तुझी पाना!" मी वही काढून तारीख घातली आणि लिहिलं : पॅक केलं, बरोबर.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सावंतवाडी