हळदीच्या कॅप्सूल आणत नाही, दादा

न्यूकॅसल
१८ जानेवारी

प्रिय दादा,

हे पत्र मुद्दाम बर्डीला, तुझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर आईनं आधी फोडलं असतं आणि तू वाचायच्या आत तिचं बीपी वाढलं असतं. फोनवर तर तुझ्याशी बोलणंच होत नाही. मी विचारते, जेवलास का? तू म्हणतोस, "हं." दुकान कसं चाललंय? "ऊंहूं." आणि फोन वहिनीकडे. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असला की माणूस हनुवटी वर करून असाच बोलतो. मला इथून तुझी हनुवटी दिसत नाही, पण ऐकू येते.

तू पाठवलेला बाटलीचा फोटो पाहिला. "येताना दोन घेऊन ये, इकडे ओरिजिनल नाही भेटत." त्याच्याखाली तो फॉरवर्ड, हळद कॅन्सरच्या पेशी मारते म्हणून. मी दोन आणत नाही. एकही आणत नाही. का ते नीट लिहिते, कारण माझं कामच ते आहे आणि घरात मला कोणी त्याबद्दल कधी विचारलं नाही. बाबांना तर अजून वाटतं की मी इथे लोकांचं रक्त-लघवी तपासते.

मी मोठ्या आतड्याच्या पेशी प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये वाढवते, त्यांच्यावर अन्नातलं एखादं द्रव्य टाकते आणि आतलं कुठलं बटण दाबलं गेलं ते बघते. तुझ्या फॉरवर्डमधली गोष्ट अशीच ताटलीतून आलेली आहे. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच जास्त चीड येते. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन असतं. दाहाचा मेन स्विच समज. जखम झाली की ऑन, काम झालं की ऑफ. पुष्कळ कॅन्सरमध्ये तो ऑनच राहतो आणि त्याच्या लाईनवरचे कॉक्स-२ सारखे पॉइंटही चालू राहतात. हळदीतलं कर्क्युमिन ताटलीत टाकलं की हा स्विच खरंच बंद होतो.

पण ताटलीत आम्ही ते थेट पेशींवर ओततो. तू गिळलेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, आणि जे थोडं जातं त्याची यकृत लगेच वासलात लावतं. मुळात हळकुंडात ते असतंच वजनाच्या तीनेक टक्के. त्यात २०१७ साली औषध-रसायनवाल्यांनी एक मोठा आढावा घेतला आणि सांगितलं की हे द्रव्य चाचण्यांनाच फसवतं. ते स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, आणि मशीनला वाटतं औषध लागू पडलं. टेस्टर बिघडला की प्रत्येक वायरीत करंट दाखवतो, तसं.

मग कॅप्सूलवाल्यांनी मिरी घातली. बंगळुरूला १९९८ मध्ये दिसलं होतं की मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिलं तर कर्क्युमिन २० पट जास्त शोषलं जातं. तुझ्या बाटलीवरही बारीक अक्षरांत तेच लिहिलंय, मी फोटो मोठा करून वाचला. मिरी हे करते ती यकृताचा पहारा ढिला करून. असल्या जोरदार कॅप्सूलनंतर कावीळ होऊन माणसं दवाखान्यात गेल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत आहेत. आईच्या वरणातल्या हळदीनं कोणाला काही झालेलं नाही. वरण खा.

(बाबा लगेच पेटंटची गोष्ट काढतील. १९९५ मध्ये अमेरिकेनं हळदीवर पेटंट दिलं आणि माशेलकरांच्या सीएसआयआरनं भांडून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. मलाही अभिमान आहे त्याचा. पण ते जखम भरण्याबद्दल होतं, कॅन्सरबद्दल नाही.)

गोळीची खरी धास्ती मला बसली ती फिनलंडच्या प्रयोगानं. ज्यांच्या रक्तात गाजरातलं बीटा-कॅरोटीन जास्त, त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं होतं. मग सरळ हिशेब झाला: बीटा-कॅरोटीनची गोळीच द्या. २९,१३३ पुरुष घेतले, सगळे सिगरेट ओढणारे, ५० ते ६९ वयाचे. पाच ते आठ वर्षं कोणाला गोळी, कोणाला नुसती साखरगोळी. १९९४ मध्ये निकाल लागला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. कमी नाही रे, जास्त. अमेरिकेत असाच एक प्रयोग चालू होता, त्यात आकडा २८ टक्क्यांवर गेला आणि जानेवारी १९९६ मध्ये तो अर्ध्यातच थांबवावा लागला. ज्यांना वाचवायला निघाले, त्या तंबाखूवाल्यांनाच गोळी भोवली. गाजर खाणारा माणूस गाजराबरोबर शंभर गोष्टी खातो आणि बहुतेक वेळा सिगरेटही कमी ओढतो. त्यातलं एक द्रव्य उचलून, दामदुप्पट करून दिलं की ते गाजर राहत नाही.

मग खाण्यानं काही होतच नाही का? होतं, पण सावकाश, आणि आपण ठरवू तिथेच होईल असंही नाही. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष असतो. पेशीचं विभाजन होताना डीएनएची नक्कल चुकली तर दुरुस्त करणारा कारागीरच या घराण्यांतल्या काहींत जन्मतः अधू. आमच्या न्यूकॅसलच्या आणि लीड्सच्या लोकांनी अशा सुमारे हजार जणांवर प्रयोग केला. त्यात काहींना रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला, दोनेक वर्षं. थोड्या कच्च्या केळ्यात असतो ना, तो. आतड्याच्या कॅन्सरवर त्याचा काही परिणाम झाला नाही. पण वर्षानुवर्षं माग ठेवल्यावर २०२२ मध्ये कळलं की शरीरातल्या बाकीच्या भागांचे कॅन्सर त्या लोकांत जवळजवळ निम्म्यावर आले होते, खास करून जठर आणि त्याच्या आजूबाजूचे. मारला एकीकडे, लागला दुसरीकडे. पित्तरसातल्या आम्लांमध्ये काही बदल होत असावा, असा अंदाज आहे.

भात शिजवून गार केला की त्यातही हा स्टार्च थोडा तयार होतो. मला लगेच आजीचा फोडणीचा भात आठवला, रात्रीचा उरलेला, वर कच्चा कांदा. थोडाच तयार होतो म्हटलंय मी, तेव्हा पातेलं घेऊन बसू नको. त्याच प्रयोगात ॲस्पिरिनही दिली होती आणि तिचा उपयोग झाला: साखरगोळीवाल्या शंभरातल्या १३ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, ॲस्पिरिनवाल्या शंभरातल्या ९ जणांना. पण ती लिंचवाल्यांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण पोटात रक्तस्राव होऊ शकतो. उद्या तू ह्याचाही फॉरवर्ड करशील म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता तर्रीबद्दल.

दिवाळीत आपण कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खायला गेलो होतो. तू ठेलेवाल्याला म्हणालास, "तर्री कमी टाक." मी तेव्हाच चमकले. तू! शाळेत असताना पोहे संपल्यावर वरून नुसती तर्री मागून पिणारा. मग संध्याकाळी पाणीपुरी. आम्ही सगळे अख्खी तोंडात टाकत होतो आणि तू कोपऱ्यात उभा राहून पुरी मोडत होतास, पाणी मनगटावरून गळत होतं. मी पाहिलं तर म्हणालास, "दाढ दुखून राहिली."

दाढ नाही, दादा. तिखट झोंबणं आणि तोंड कमी उघडणं, ही सुपारीची कामं आहेत. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजनचे धागे जास्त विणायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. लायसिल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमला तांबं लागतं, आणि ते एन्झाइम या धाग्यांना आडव्या गाठी मारत सुटतं. सुपारीच्या तुरटपणानं गाठी पक्क्या होतात, शरीराला त्या सोडवता येत नाहीत. गाल आतून पांढरट, चामड्यासारखा कडक. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. एर्नाकुलमला अशा रुग्णांचा १७ वर्षं माग ठेवला होता, ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला. वर तुझ्या खर्र्यात तंबाखू आहे, म्हणजे नायट्रोसामाइन ही कॅन्सर करणारी द्रव्यं. पेशीतला पी-५३ हा एमसीबी आहे. गडबड झाली की ट्रिप होऊन लाईन बंद करतो. तंबाखूतली द्रव्यं त्या एमसीबीलाच जाळतात. एमसीबी जळलेल्या बोर्डाला तू हळद लावणार का?

तुझं म्हणणं मला पाठ आहे. "मी गुटखा नाही खात, खर्रा ताजा राहते, आपल्यासमोर घोटून देते." गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली आणि अख्खं नागपूर जणू पन्नीवर घोटायला बसलं. ताजेपणानं सुपारी बदलत नाही. तंबाखू कमी टाकायला सांगतोस तेही माहीत आहे मला. लियाँला जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे. तिनं तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही २००३ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे पक्कं.

आणि तोंडासाठीही गोळी करून पाहिलीय लोकांनी. केरळमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांना व्हिटॅमिन ए दिलं, बऱ्याच जणांचे पांढरे चट्टे गेले. गोळी बंद केल्यावर पुष्कळांचे परत आले. त्याच केरळात आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन उजेडात लोकांची तोंडं तपासत होते. त्यानं तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, २००५ मध्ये छापून आलं. टॉर्च तर तुझ्या दुकानात ढिगानं पडल्यात.

मला ज्ञान पाजळायचा फारसा हक्क नाही, हेही मला कळतं. सहावीत असताना कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून तुझी पुडी मीच आणायची. उरलेला सुटा रुपया माझा, असा आपला सौदा होता. बाबांना सांगायचं नाही हेही त्या रुपयातच आलं. त्या रुपयाची मी बोरं खायची.

वहिनीनं माझ्याकडे तुझी चुगली केलेली नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं की संत्र्याची फोडही एखाद्याला झोंबत असेल तर काय करायचं. संत्र्याची फोड, दादा, नागपुरात!

तर हे कर. आरशासमोर उभा राहा आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घाल. तिन्ही जात नसतील तर मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा, बर्डीहून काही लांब नाही. तिन्ही जात असली तरी जा, कारण तिखट झोंबतंय. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. पहिले आठ-दहा दिवस तू सगळ्यांवर खेकसशील. वहिनीला मी सांगून ठेवीन, ती तयारीत राहील. सोडल्यानं धागे लगेच सुटणार नाहीत, पण नवीन गाठी पडण्याचं मुख्य कारण तरी जाईल आणि डॉक्टरांना काही करता येईल.

एप्रिलमध्ये येतेय. हळद सोडून काय आणू ते कळव. आईला इथलं शॉर्टब्रेड आवडलं होतं, ते आणतेच आहे.

रविवारी तुमच्या सात वाजता फोन करीन. "हं" नको. अख्खं वाक्य बोल, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.

तुझी,
पिंकी