डबीतली गोळी आणि बंडीतली गोळी

पुणे,
पौष शुद्ध पंचमी

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न. वि. वि.

येळवसेच्या सणाहून निघताना आईने बांधून दिलेली भज्जी आणि उंडे इथे व्यवस्थित पोहोचले. आंबील मात्र टेंभुर्णीच्या पुढे फसफसून झाकणाबाहेर आली आणि सगळी पिशवी धुवावी लागली. एवढी खुशाली कळवून मुद्द्यावर येतो. ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नाही, कारण आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असतेच.

बाबा, त्या दिवशी शेतातल्या कोपीतल्या पंगतीतून उठताना तुमचा तोल गेला आणि तुम्ही मेढीला हात दिला. उन्हाने झाले असेल असे तुम्ही म्हणालात आणि सगळ्यांनी ते मान्य केले. संध्याकाळी मोटारीच्या पेटीची किल्ली शोधताना मी खुंटीवरच्या तुमच्या बंडीच्या खिशात हात घातला, तेव्हा कात्रीने कापलेला गोळ्यांचा एक तुकडा हाती आला. त्यात दोन गोळ्या अख्ख्या होत्या आणि एक अर्धी मोडून पुन्हा चांदीत गुंडाळलेली होती. नावातली ‘डालाफिल’ एवढी अक्षरे आणि पुढचा 20 हा आकडा कात्रीतून वाचला होता. मुदतीची तारीख दुसऱ्या कोणाच्या तुकड्यावर गेली असावी. मी तो होता तसा परत ठेवला. तुम्हाला न विचारता खिशात हात घातला याबद्दल क्षमा मागतो, पण तो तुकडा दिसला हे बरेच झाले असे मला वाटते.

ते औषध ताडालाफिल आहे. ते घेण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे आधी लिहून टाकतो. पुरुषाला ताठरता कमी येण्याच्या तक्रारीवर ते दिले जाते, आणि वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवीची धार बारीक होते, रात्री चार-चार वेळा उठावे लागते, त्यावरही रोज 5 मिलिग्रॅम या मात्रेत ते देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये मान्यता दिली. एकच गोळी दोन्ही तक्रारींवर चालते आणि साठी-सत्तरीत या दोन्ही तक्रारी बहुधा जोडीनेच येतात. त्यामुळे तुम्हाला ती घ्यावीशी वाटली यात गैर काही नाही. माझी हरकत ती कुठून आली आणि कोणाला ठाऊक आहे, एवढ्यापुरतीच आहे. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची गोळी आहे. मेडिकलवाल्याने ती कापून हातावर ठेवली, तेव्हा त्याने तुमच्या हृदयाची चौकशी केली नसणार.

आई, हे पत्र एकट्या बाबांना न लिहिता दोघांना लिहिण्याचे कारण तुझ्या देवघरातली डबी आहे. बाबांना हृदयात स्टेंट बसवला तेव्हा छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तू हळदी-कुंकवाच्या शेजारी डबीत जपून ठेवल्या आहेस. रात्री-अपरात्री बाबांच्या छातीत दुखले तर ती डबी तूच उघडणार. बाबांनी त्याआधी बंडीतली गोळी घेतलेली असली आणि तुला ते ठाऊक नसले, तर तुझ्याच हाताने त्यांचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. माणूस बेशुद्ध पडतो, आधीच अडचणीत असलेल्या हृदयाला रक्त कमी पडते आणि प्रसंगी जीवही जातो.

असे का होते ते बाबांना ठिबकच्या भाषेत लगेच कळेल. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्यांचे व्हॉल्व्ह उघडते. ताडालाफिल व्हॉल्व्ह उघडण्यापेक्षा उघडलेला व्हॉल्व्ह पुन्हा मिटू देत नाही, कारण वाहिनी सैल ठेवणारा जो पदार्थ शरीरात तयार होतो तो मोडण्याचे काम ते थांबवते. एकेकटे असताना दोन्ही सोसतात. दोन्ही एकत्र आले की सगळ्या प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडल्यासारखे होते आणि शेवटच्या लॅटरलपर्यंत दाबच पोहोचत नाही. या जातीची पहिली गोळी सिल्डेनाफिल, जिला सगळे जग व्हायग्रा म्हणून ओळखते आणि जिला 1998 मध्ये मान्यता मिळाली, ती मुळात छातीच्या कळेवर औषध शोधताना हाती लागली होती. हृदयाशी तिचे नाते असे जन्मापासूनचे आहे.

अर्धीच तर घेतो, असे तुमच्या मनात येईल. अर्धी म्हणजेही 10 मिलिग्रॅम होतात आणि ताडालाफिलचा असर 36 तासांपर्यंत राहतो. ते घेतल्यापासून किमान 48 तास सॉर्बिट्रेट जवळ आणायची नाही असा डॉक्टरांचा दंडक आहे. म्हणजे शनिवारी रात्री नऊला घेतलेली गोळी सोमवारी रात्री नऊपर्यंत तुमच्यासोबत असते. रविवारी सकाळी तुम्ही ती विसरून शेतात गेलात तरीही. ज्याला सॉर्बिट्रेट केव्हाही लागू शकते त्याने ही गोळी घ्यावी की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. काही जणांना छातीच्या कळेसाठी निकोरँडिल नावाची गोळी असते, तिचाही याच्याशी मेळ बसत नाही.

इथे माझीही एक चूक आहे. दिवाळीत लातूरला मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी दुसरी कोणती औषधे चालू आहेत असे विचारले होते. तुम्ही बीपीची, शुगरची आणि रक्त पातळ करण्याची गोळी सांगितली. डबीतली सांगितली नाही, कारण ती रोजची नाही. मी शेजारीच बसलो होतो, मलाही सुचले नाही. कधीमधी लागणारी गोळी आपल्या हिशेबात औषधच नसते.

त्यांनी लिहून दिलेली टॅमसुलोसिनची कॅप्सूल मात्र चालू राहू द्या, मनाने बंद करू नका. ती प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करते म्हणून लघवी मोकळी होते, पण तिच्यानेही उठताना दाब उतरतो. तिच्यावर ताडालाफिल आले की हा उतार वाढतो. कोपीत तुमचा तोल गेला तो त्यामुळेच, असे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मला तीच शंका आहे. डॉक्टर ही दोन्ही औषधे एकत्रही देतात, पण आधी एकावर शरीर स्थिर करून आणि दुसरे थोड्या मात्रेपासून सुरू करून. ही कॅप्सूल रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावी, फोडू किंवा चावू नये, आणि रात्री लघवीला उठताना पाय खाली सोडून खाटेवर मिनिटभर बसावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे आहेच, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या कॅप्सूलचे नाव आवर्जून सांगा. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळ सैल पडते. आधी कळले तर ते त्या तयारीने बसतात.

गेल्या थंडीत लघवी अडकून नळी घालावी लागली, तेव्हा सगळ्यांनी गारठ्याला दोष दिला. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या, हे मला नंतर आठवले. अशा गोळ्यांतली नाक मोकळे करणारी आणि झोप आणणारी औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने त्या न विचारता घेऊ नयेत. गजकर्णावर पावसाळ्यात सर्रास दिली जाणारी इट्राकोनाझोल तर ताडालाफिल आणि टॅमसुलोसिन दोन्हींना शरीरात साठवून ठेवते. आणि माळेगावच्या यात्रेहून मित्रांनी आणलेली शक्तीच्या चूर्णाची पुडी कृपा करून उकिरड्यावर टाका. असल्या ‘नैसर्गिक’ पुड्यांत आणि कॅप्सूलांत लपवून घातलेले सिल्डेनाफिल अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडले आहे, आणि त्याची मात्रा पुडी विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट, जी मेडिकलच्या काउंटरवर कधीच निघत नाही. ज्या रक्तवाहिनीवर ताठरता अवलंबून असते तिची रुंदी 1 ते 2 मिलिमीटर असते आणि हृदयाच्या वाहिन्यांची 3 ते 4. शुगर आणि बीपीने वाहिन्या बारीक होऊ लागल्या की अरुंद वाहिनी आधी तक्रार करते. तुमच्या तक्रारीच्या मुळाशी हेच असेल, तर गोळीच्या आधी शुगर आणि हृदय पुन्हा तपासायला हवे. कदाचित डॉक्टर बीपीची गोळी बदलतील, कारण त्यांतल्या काहींनीही ही तक्रार होते. म्हणून मला घाई आहे.

पुढच्या शनिवारी मी येतो आणि सोमवारी आपण तिघे लातूरला जाऊ. घरातली प्रत्येक गोळी, डबीतली आणि बंडीतली सुद्धा, एकाच पिशवीत भरून न्यायची आहे. डॉक्टरांसमोर नाव काढायला अवघड वाटले तर बोलू नका, पिशवी टेबलावर ओता. तोपर्यंत ताडालाफिल घेऊ नका. तरीही ती घेतलेली असताना छातीत दुखलेच, तर आईने डबीला हात न लावता 108 ला फोन करावा, बाबांना जागेवर बसवावे आणि येणाऱ्या डॉक्टरांना गोळीचे नाव व वेळ सांगावी. कळेवर त्यांच्याकडे दुसरी औषधे असतात. एकाएकी दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, अथवा ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

गोळी घेतल्याची वेळ आईला कळावी आणि विचारावीही लागू नये, यासाठी मला एक सुचले आहे. बाबा, शेवटची अर्धी ज्या रात्री घेतली असेल, त्या दिवसाच्या चौकोनात कालनिर्णयवर पेनाने एक टिंब द्या आणि शेजारी वाजलेले लिहा. आई, दुधाचा हिशेब तू त्याच चौकोनांत लिहितेस, तेव्हा तुझी नजर तिथे रोज जातेच.

तुमचा,
धाकटा

ता. क. मेडिकलमध्ये कोणतीही गोळी घेताना नाव आणि मुदत छापलेला भाग मागून घ्यावा. तेवढ्यासाठी सगळी स्ट्रिप विकत घ्यावी लागली तरी चालेल, पैसे मी पाठवीन.