नानांसाठी खुर्ची ओढणाऱ्या आपणास

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये, असे आपण स्वतःच बजावले आहे, म्हणून हे पत्र बिननावाने लिहीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी कधी आपल्याकडे बंद पडलेला संगणक दुरुस्तीला आणला असेल, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे हे लगेच कळेल.

माझ्या वडिलांनी, नानांनी, उमेदीची सगळी वर्षे सोलापुरी चादरींसाठी जेकार्डचे ग्राफ काढले, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पंचकार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागासाठी चौकटींच्या कागदावर नक्षी आखली. मूळ कागद वाळवीने खाल्ले आणि मागे उरल्या त्या फक्त आमच्या संगणकातल्या स्कॅन केलेल्या प्रती. तोच संगणक उन्हाळ्यापासून असा मंदावला की एक फोल्डर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हावा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून हलत नसे, आणि अधूनमधून फाइल वाचता येत नसल्याची सूचना येई.

आपल्याकडे येण्याआधी आम्ही जिथे जिथे गेलो, त्या दुकानांची नावे घेत नाही, पण तिथल्या वागण्याबद्दल गप्प राहणे मला जमणार नाही. एकाने यंत्र न उघडताच व्हायरसचे निदान केले. दुसऱ्याने रॅम वाढवून पैसे घेतले आणि यंत्र होते तितकेच संथ परत दिले. तिसऱ्याने ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी न्या’ असे सांगितले, आणि आतल्या चित्रांचे काय होणार, असे नानांनी विचारल्यावर मोबाइलमधून मान वर न करता ‘बॅकअप नाही का घेतला, काका?’ एवढेच उत्तर दिले. या सर्व काळात नाना काचेच्या काउंटरबाहेर उभे होते आणि मॉनिटरची पाठ तेवढी त्यांना दिसत होती.

आपण काउंटरच्या आतली दुसरी खुर्ची ओढलीत, तिच्यावरची वायरींची भेंडोळी उचलून खाली ठेवलीत, मॉनिटर वळवलात आणि म्हणालात, “बसा आजोबा. सामान तुमचं आहे, तुम्हाला दिसायला पाहिजे.” आपल्या दृष्टीने ही रोजची सवय असेल, आमच्या दृष्टीने सगळे काही त्या खुर्चीपासून बदलले.

पडद्यावरच्या पिवळ्या सूचनेवर बोट ठेवून आपण नानांना सांगितलेत की डिस्कच्या तबकडीवरचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, वाचता येईनासे झाले आहेत, डिस्क त्यांच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज ताटकळत राहते, त्यामुळे रॅम कितीही घातली तरी वेग वाढणार नाही. नानांनी थोडा विचार करून विचारले, “म्हणजे पंचकार्ड फाटल्यावर माग अडतो, तसं?” आपण हसला नाहीत, “अगदी तसंच” म्हणालात आणि पुढचे सगळे मागाच्याच भाषेत समजावलेत. अशा चुका कधी कधी नुसत्या खराब केबलमुळेही दिसतात, म्हणून आपण आधी केबल बदलून पाहिलीत. स्वस्तातले कारण आधी तपासणारा दुकानदार मला तरी प्रथमच भेटला. केबलच्या चुकांचा आकडा जागच्या जागी राहिला आणि प्रलंबित, म्हणजे वाचता न आलेल्या, सेक्टरांचा वाढला, तेव्हा दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम डिस्कवर न चालवता आधी प्रत काढायची, असे आपण ठरवलेत.

डिस्क केव्हा कायमची थांबेल याचा भरवसा नसल्यामुळे ‘आधी काय काढू?’ हा प्रश्न आपण विचारलात, आणि तो मला नव्हे, तर नानांना विचारलात. मला विचारले असते, तर मी जीएसटीची बिले सांगितली असती. नानांनी क्षणाचाही वेळ न लावता हातमागाच्या काळातले ग्राफ सांगितले, कारण त्या नक्षीची एकही चादर आता घरात शिल्लक नाही. ते जवळजवळ सगळे आले. जे आले नाहीत, त्यांची यादी आपण स्वतःच्या हाताने लिहून दिलीत. काम झाले म्हणून ती झाकून ठेवणे आपल्याला सहज शक्य होते. बिलांतली काही गेली, ती सीएकडून पुन्हा मिळतील.

हुशार तंत्रज्ञ शहरात पुष्कळ असतील. समोरच्या माणसाला आपल्यापेक्षा कमी कळते हे ठाऊक असताना त्याला कळेपर्यंत थांबणारे, आणि त्या थांबण्याचे उपकार न दाखवणारे, फार थोडे भेटतात. दवाखान्यात, बँकेत, सरकारी खिडकीवर नानांच्या वयाच्या माणसांशी आपण सारे ज्या सुरात बोलतो, तो सूर आपल्या दुकानात मला एकदाही ऐकू आला नाही.

नवी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवल्यापासून यंत्र उत्तम चालते आहे. आपण सांगितल्याप्रमाणे ग्राफची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून माझ्या भावाच्या घरी ठेवली आहे, आणि जुनी डिस्क भंगारात न देता कपाटात ठेवली आहे.

एक तक्रार मात्र आहे. आपण बिलात एसएसडीची किंमत लावलीत आणि मजुरी जवळजवळ लावलीच नाहीत, आणि उरलेले पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. म्हणून नानांनी एक चादर बाजूला काढली आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे ती घेऊन येत आहोत. कृपया दुकान उघडे ठेवावे आणि नको म्हणू नये.

आपली कृतज्ञ,
एका ग्राफ डिझायनरची मुलगी, सोलापूर